हिरवा ठिपका

"ब्रेक! अहो वहिनी, ब्रेक!"

तांबोळीवहिनींनी नेमका दुसरा पाय दाबला. समोर म्हैस. म्हैस निवांत होती आणि मीही होते, कारण शिकवायच्या गाडीत डाव्या सीटपुढंसुद्धा एक ब्रेक असतो आणि तो माझ्या पायाखाली होता. मी दाबला. गाडी म्हशीपासून हातभर अंतरावर थांबली. म्हशीनं आमच्याकडे बघितलं, शेपटी हलवली आणि गेली.

पण त्या धक्क्यानं मी सीटवर अशी आदळले की खालून वरपर्यंत एक कळ गेली. डोळ्यांत पाणीच आलं.

"लागलं का मॅडम?"

"नाही. घ्या पुढं."

मी हेमांगी निंबाळकर. कराडात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. पुण्या-मुंबईत गाड्या आता आपल्या आपण पळतात, हे मलाही माहीत आहे, सांगायला येऊ नका. तसली एक गाडी आमच्याकडेही आणली होती. बाजाराच्या दिवशी भाजीच्या पाट्यांसमोर "कृपया वाट द्या" म्हणत उभी राहिली ती राहिलीच. शेवटी माळवं विकणाऱ्या बायकांनी ढकलत नेली. त्यामुळे माझा धंदा चाललाय अजून. येतात त्या बहुतेक पन्नाशीच्या बायका. पोरं मार्गी लागली, नवरे म्हातारे झाले, आता स्टेअरिंग हातात घेऊ म्हणणाऱ्या.

सांगायचं होतं ते त्या कळेबद्दल. माझी पाळी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. गेली तेव्हा सुटले म्हणून पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. त्यानंतर हळूहळू खाली कोरडं पडायला लागलं. आधी नुसती खाज. मग आग. मग सारखी उन्हाळी लागायची, लघवीला बसलं की दातओठ खावे लागायचे. धने भिजवून ते पाणी प्यायले, सब्जा प्यायले, डॉक्टर सोडून सगळं केलं. दिवसभर गाडीत बसायचं काम, आणि बसणंच नको व्हायला लागलं.

ही गोष्ट बोलायची कुणापाशी? मुलगा बेंगळुरूला. बहीण आहे, पण तिला सांगितलं की गावभर झालं. आणि आमचे हे.

ह्यांचं नाव जयवंत. साखर कारखान्यात स्टोअरकीपर होते, आता घरी असतात. माझे क्लास सकाळी आणि संध्याकाळी, त्यामुळे दुपार आमची दोघांची. जेवण झालं की कूलर लावून पडायचं, अशी पद्धत. पूर्वी त्या दुपारी हे जवळ यायचे. कोरडेपणा वाढला तशी मी म्हणायला लागले, "दुखतंय हो." हे लगेच हात काढून घ्यायचे. "राहू दे मग," म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. जबरदस्ती करणाऱ्यातले हे नाहीत, आधीच सांगून ठेवते. नंतर तर हात लावणंसुद्धा बंद झालं. पाठीवर तळवा ठेवून झोपायची सवय होती ह्यांना, ती गेली. ती मला फार लागली मनाला.

आणि एक सांगते, जे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. दुखण्यानं माझं एक काम सोपं केलं होतं. लग्नापासून मी ह्यांना कधी "नको" म्हणालेच नव्हते. अंगात कणकण असो, मनात नसो, म्हणायचं काय, हा प्रश्नच आमच्यात कुणी काढला नव्हता. दुखायला लागलं आणि न मागता माझ्या पायाखाली एक ब्रेक आला. दाबला की गाडी थांबायची. मला तोंड उघडावं लागायचं नाही.

तांबोळीवहिनींनी त्या दिवशी गाडी नदीकाठी लावली, किल्ली काढली आणि माझ्याकडे वळल्या.

"मॅडम, तुम्ही कधीच्या एका कुल्ल्यावर बसताय. मी आंधळी नाही."

"काही नाही हो."

"मलाही तेच होतं. दोन वर्षं काढली मी तशीच, आमच्या घरात ह्याला नावसुद्धा नाही. शेवटी गेले डॉक्टरणीकडे. तुम्हीही चला, मी येते बाहेर बसायला."

*

डॉक्टर मृणाल खर्डेकर वयानं माझ्या मुलाएवढी. मला वाटलं होतं, ही काय सांगणार. पण तिनं तपासलं, नीट विचारलं. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर, पाळी गेल्यानंतर कधी रक्त दिसलं का, लघवी कशी होते. मग समोर बसून एका कागदावर चित्र काढलं.

"काकू, पाळी जाते तेव्हा बीजांडकोशातून येणारं इस्ट्रोजेन आटतं. योनिमार्गाचं आतलं अस्तर त्याच्यावरच पोसलेलं असतं. ते मिळेनासं झालं की अस्तर पातळ होतं, ताण सोसत नाही, ओल कमी होते. त्या अस्तरात एक प्रकारच्या साखरेचा साठा असतो. दह्यातले असतात ना, त्याच कुळातले जंतू तिथं त्या साखरेवर राहतात आणि आंबटपणा टिकवतात. साठा संपला की ते गेले, आंबटपणा गेला, आणि नको ते जंतू आत शिरले. लघवीची वाट शेजारीच. म्हणून तुम्हाला सारखी उन्हाळी लागते."

"म्हणजे मी एवढे धने प्यायले ते?"

"पाणी पोटात गेलं, तेवढा फायदा." ती हसली. "निम्म्या बायकांना हे होतं काकू. आणि निम्म्यातल्या निम्म्या येतच नाहीत. वय झालं म्हणून सोसायची ही गोष्टच नाही."

उपाय तिनं सगळे सांगितले. रोजच्या ओलीसाठी जेल, संबंधाच्या वेळी वेगळं वंगण, आतून लावायचं इस्ट्रोजेनचं मलम. हे सगळं कधीपासूनचं आहे आणि चांगलं आहे, म्हणाली. मग खणातून एक कडी काढली. तान्ह्या बाळाच्या वाळ्याएवढी, दुधी रंगाची, दाबली की दबणारी.

"ही नवीन आहे. सुखदा. आत बसवायची, कळतसुद्धा नाही. हिच्यात ओल आणि आंबटपणा मोजायची सोय आहे. जेवढं कमी, तेवढंच औषध सोडते, तेही तिथल्या तिथं, रक्तात जवळजवळ जात नाही. आणि तिसरं काम म्हणजे शमन. कडेला बारीक तारा आहेत, त्या तिथल्या नसांना अगदी हलके झटके देतात. आपल्याला ते जाणवत नाहीत. पण दुखल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. अस्तर भरून यायला दोन-तीन महिने लागतात, तोपर्यंत त्रास नको म्हणून ही सोय. शून्य ते दहा असं कमी-जास्त करता येतं. आपण तीनवर ठेवू आणि उतरवत आणू. सगळं फोनवर दिसेल तुम्हाला."

बाहेर नोंदणीला बसलेल्या सिस्टरनं विचारलं, "मोबाइल नंबर?"

मी सांगितला. ह्यांचा.

आता तुम्ही म्हणाल, असं कसं? तर तुमच्या घरात जाऊन बघा. आमचा गॅस ह्यांच्या नंबरवर, बँक ह्यांच्या नंबरवर, रेशन, वीज, माझं स्वतःचं लायसनसुद्धा ह्यांच्या नंबरवर. माझा फोन क्लासच्या बायकांच्या कॉलमुळे दिवसभर बोंबलत असतो, ओटीपी यायचा आणि जायचा. मग "ह्यांचा नंबर लिहा" हे माझ्या तोंडात बसलेलं. नाव विचारलं की हेमांगी, नंबर विचारला की ह्यांचा. सिस्टरनंही मान वर केली नाही. तिला रोजचंच असणार.

घरी ह्यांना एवढंच म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊन आले. त्या त्रासासाठी."

"बरं केलंस," हे म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. लाजले की चष्मा पुसतात.

*

आठवड्याभरात आग थांबली. खोटं कशाला सांगू, मला रडू यायचं बाकी होतं. गाडीत सरळ बसता येत होतं. उन्हाळी गेली. तांबोळीवहिनींवर मी पूर्वीसारखी ओरडायला लागले आणि त्या खूश झाल्या. फोनवर काही दिसेल म्हणाली होती डॉक्टर, तसं माझ्या फोनवर काही आलं नाही. बरं झालं म्हटलं, एक कटकट कमी.

आणि हे बदलले. एका दुपारी कूलरच्या आवाजात माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "आज बरं आहे ना तुला?" विचारल्यासारखं नाही, माहीत असल्यासारखं. आणि खरंच, बरं होतं. दुखलं नाही. जरासुद्धा नाही.

नंतरही तसंच. ज्या दिवशी मला कसंसं होतं, त्या दिवशी हे वाऱ्यालाही उभे राहायचे नाहीत. ज्या दिवशी आत सगळं ठीक, त्याच दिवशी बरोबर यायचे. मी मनात म्हटलं, अगंबाई, इतक्या वर्षांनी ह्या माणसाला माझं मन कळायला लागलं. मला बरं वाटलं ते. कुणीतरी न सांगता ओळखतंय, ह्यापरतं सुख नाही असं वाटलं.

पण हळूहळू दुसरं एक लक्षात यायला लागलं. दुखत नव्हतं, तसं काहीच होत नव्हतं. हे जवळ असायचे आणि मी छताचा पंखा बघत असायची. राग नाही, किळस नाही, हौस नाही. दाताच्या डॉक्टरनं भूल दिली की ओठ आपला आहे का दुसऱ्याचा कळत नाही, तसं. आज नको, असं मनात यायचं कधी कधी. पण नको म्हणायला कारण कुठं होतं? दुखत तर नव्हतं. हे खुशीत होते, भाजी आणायला जाताना शीळ घालत होते. मी त्यांचा शर्ट इस्त्री करायची आणि मला काही वाटायचं नाही.

मुलाचा फोन आला, प्रमोशन झालं म्हणाला. "अरे वा," म्हणाले मी. फोन ठेवल्यावर कळलं की आपल्याला आनंद व्हायला हवा होता. तो झाला असेल बहुतेक कुठंतरी, माझ्यापर्यंत आला नाही.

मग ती गोष्ट झाली. तांबोळीवहिनींना घाट दाखवायला नेलं होतं. परत येऊन गाडीतून उतरले, तर वहिनी माझ्यामागे आल्या आणि काही न बोलता स्वतःची ओढणी माझ्या कमरेला गुंडाळली.

"काय झालं?"

"मॅडम, सीट ओली आहे."

मला कळलंच नव्हतं. लघवी लागल्याचं कळलं नाही, झाल्याचंही कळलं नाही. भर रस्त्यात, शिकवणीच्या गाडीपाशी. कुणालाही मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. मी त्या ओढणीच्या गाठीकडे बघत उभी राहिले आणि म्हणाले, "सीट कव्हर धुवायला टाकायला हवं."

वहिनींनी माझा दंड धरला. "सीट कव्हर गेलं खड्ड्यात. तुम्ही आधी डॉक्टरणीकडे चला."

*

डॉक्टर मृणालनं तपासलं. "अस्तर छान भरून आलंय काकू. आंबटपणाही जागेवर आलाय." मग कॉम्प्युटरवर माझ्या कडीची नोंद उघडली आणि तिचा चेहरा बदलला.

"काकू, शमन तुम्ही दहावर का नेलंत?"

"मी?"

"पहिल्याच आठवड्यात. आणि तेव्हापासून दहावरच आहे. मी तीनवर सोडलं होतं ना? एवढ्या जोरावर लघवीची जाणीवही बोथट होते. कळत कसं नाही तुम्हाला... आम्ही तर रोज विचारतो, त्रास वाटतोय का, आराम वाढवायचा का. आणि दर वेळी तुमच्या फोनवरून 'हो' येतंय."

"माझ्या फोनवर काही आलंच नाही."

तिनं नंबर वाचून दाखवला. ह्यांचा नंबर. मी तोंडपाठ ऐकला, माझा असल्यासारखा.

मग मी विचारलं, "त्या फोनवर अजून काय दिसतं?"

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. वर एक गोल ठिपका होता. त्याच्याखाली लिहिलेलं, आज आराम आहे. ठिपका हिरवा.

"ओल पुरेशी असली, आंबटपणा ठीक असला की हिरवा. नसला की पिवळा. म्हणजे बाईला कळावं की आज शरीर बरं आहे. तेवढाच त्याचा अर्थ."

मला त्या सगळ्या दुपारी आठवल्या. पंखा आठवला. ह्या माणसाला माझं मन कळायला लागलंय असं मी समजत होते, आणि ह्यांना ठिपका कळत होता. मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली. आला नाही.

"हे शमन," मी म्हणाले, "डोक्यालाही लागतं का?"

"नाही काकू. त्या नसांपलीकडे नाही जात ते."

म्हणजे वरचं शमन माझं मीच केलेलं होतं. ते तर कडीच्या कितीतरी आधीपासूनचं.

डॉक्टर काहीतरी शोधत होती. कळफलकावरची बोटं थांबली. "काकू, मी आत्ता बघितलं. माझ्या निम्म्याहून जास्त पेशंटचे नंबर त्यांचे स्वतःचे नाहीत. नवऱ्याचे आहेत. मुलांचे आहेत. एकीचा जावयाचा आहे." तिनं कपाळावर हात ठेवला. "आम्ही नंबर कुणाचा, हे कधी विचारलंच नाही. चूक आमची आहे."

"जावयाचा?"

"हो."

त्या बाईला अजून माहीत नसणार. मी तिचं नाव विचारलं नाही. जावई चहाला आला की त्याच्या खिशात हिरवा ठिपका. शिसारी आली मला. तेवढं मात्र जाणवलं.

"माझा नंबर घाला," मी म्हणाले. "माझा."

तिनं घातला. मग थबकली. "काकू, नंबर बदलायचा तर जुन्या नंबरवर ओटीपी जातो."

मला हसू आलं, भलतंच. मी फोन लावला.

"अहो, एक ओटीपी येईल. सांगता?"

"हां, थांब." इतक्या वर्षांत इतक्या वेळा झालेला संवाद. "आला. सात, नऊ..." आणि हे थांबले. मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, कशासाठी आहे ते.

"हेमा?"

"सांगा पुढचे आकडे."

ह्यांनी सांगितले. आवाज एवढा बारीक झाला होता की मला फोन कानाशी दाबून ऐकावं लागलं. डॉक्टरनं आकडे भरले. माझा फोन थरथरला. मी शमनाची पट्टी अंगठ्यानं खाली ओढली, दहापासून शून्यापर्यंत.

"एकदम शून्य करू नका," डॉक्टर म्हणाली, "थोडं चुरचुरेल."

"चुरचुरू दे."

*

घरी गेले तर हे स्वयंपाकघरात उभे. चष्मा हातात, पुसणं चाललेलं. मी पाणी प्यायले. भांडं ओट्यावर आपटलं, मला आपटायचं होतं म्हणून.

"मला लिंक आली," हे म्हणाले. "सुखदामध्ये आपले स्वागत आहे, असं. मला वाटलं, तुला तोंडानं सांगायला लाज वाटते. म्हणून तू माझा नंबर दिलास."

"काय?"

"आपण कधी बोललोय का गं असलं काही? मला वाटलं, ही तुझी सांगायची पद्धत. हिरवा असला की ये. पिवळा असला की नको. मला तर..." ह्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मला फार बरं वाटलं होतं, हेमा. म्हटलं, इतक्या वर्षांनी तू मला बोलावलंस."

मी खुर्ची ओढून बसले.

"आणि ते शमन?"

"ते विचारायचे, त्रास वाटतोय का, आराम वाढवायचा का. तू पूर्वी किती कळवळायचीस, ते मी बघितलं होतं. तुला परत दुखू नये म्हणून मी दाबत गेलो. दहाच्या पुढं असतं तर तेही दाबलं असतं."

आता सांगा, ह्या माणसावर ओरडायचं कसं? आणि नाही ओरडायचं तरी कसं? मी ओरडले. कराडच्या चौकात ट्रकपुढं ओरडते तशी ओरडले.

"अहो, मला विचारायचं! मी इथं बाजूला पडलेली असायची, फोन कशाला बघत होता? मला लघवी लागलेली कळेना झाली, तुमच्या त्या आरामापायी! मला तुमचा हात कळेना झाला! पंखा बघत असायचे मी, पंखा! तुम्हाला दिसलं नाही?"

हे खाली बसले, फरशीवरच. "दिसलं," म्हणाले. "पण ठिपका हिरवा होता."

मग मी रडले. मोठ्यानं, नाक वाहीपर्यंत. खाली चुरचुरायला लागलं होतं, बारीक, मुंग्यांसारखं. एवढ्या महिन्यांनी तिथून आलेला पहिला निरोप.

*

त्यानंतर हे लांबच राहायला लागले. फोनवर ठिपका नाही, तर कळणार कसं? दुपारी कूलर लावून पडायचे, हात स्वतःच्या छातीवर बांधलेले, शवासनात. चुरचुर चार दिवसांत गेली. अस्तर भरून आलेलंच होतं, दुखायचं आता कारण नव्हतं. लघवी वेळेवर लागायची, लागल्याचा एवढा आनंद कुणाला होत असेल का, कोण जाणे. तांबोळीवहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी घरी जाऊन स्वतःच्या कडीला दिलेला नंबर तपासला. थोरल्या मुलाचा निघाला. दोन दिवस त्या क्लासला आल्या नाहीत. आल्या तेव्हा नवीन सिमकार्ड दाखवलं आणि म्हणाल्या, "चला, घाट."

त्याच आठवड्यातली एक दुपार. माझा फोन उशाशी होता. ठिपका हिरवा. ह्यांनी कूस बदलली, घसा खाकरला, परत भिंतीकडे वळले. मला वाटलं झोपले. मग भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले,

"हेमा, आज... म्हणजे तुला... चालेल का?"

साठी ओलांडलेला माणूस, कान लालबुंद. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं त्यांनी. मला त्यांची दया आली, माया आली, आणि त्या दिवशी मला ते नको होतं. सकाळी तीन क्लास घेतले होते, पाय भरून आले होते. नुसतं पडून राहायचं होतं.

ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"दुखतंय का?"

जुना ब्रेक माझ्या पायाखाली आणून ठेवला होता त्यांनी, अगदी प्रेमानं. 'हो' म्हटलं की झालं. हे "राहू दे मग" म्हणतील, मी सुटेन. जिभेवर आलंसुद्धा होतं. दिवसभर बायकांना ब्रेक मारा म्हणून ओरडणारी मी, आणि माझी छाती अशी धडधडायला लागली की कूलरच्या वर मला ती ऐकू येत होती.

"नाही," मी म्हणाले. "दुखत नाही. काहीच दुखत नाही. आज नको आहे मला."

हे बघत राहिले. ह्यांना कळायला वेळ लागला, मला दिसत होतं ते कळताना.

"बरं," म्हणाले.

आणि भिंतीकडे वळायला लागले, नेहमीसारखे.

"अहो, तिकडं कुठं चाललात?" मी म्हणाले. "वळू नका. हात ठेवा पाठीवर."

ह्यांनी ठेवला. घाबरत घाबरत, गरम तवा असल्यासारखा. तळवा घामेजलेला होता, अंगठ्याला घट्टा होता, कारखान्यातल्या पोत्यांचा. सगळं कळत होतं मला.